एप्रनचे दिवे एलईडी करायचेत : वॅट मोजू की लक्स?

वाळूजकर | ११ मे, रात्री ९.१०

मंडळी, नमस्कार. वाळूज एमआयडीसीत कारखान्यांच्या दिव्यांची कामं करून ११ वर्षं झाली. शेड, यार्ड, वजनकाटा, सगळं केलंय. विमानतळाचं काम मात्र पहिल्यांदाच हातात आलंय. आपल्या मराठवाड्यातलाच एक छोटा विमानतळ आहे, नाव लिहीत नाही. तिथं एप्रनवरचे, म्हणजे विमान उभं करून माणसं-सामान चढवतात-उतरवतात त्या काँक्रीटच्या पटांगणावरचे, जुने सोडियम फ्लडलाईट काढून एलईडी बसवायचेत.

सध्या टर्मिनलच्या बाजूला एका रांगेत ४ हाय मास्ट, म्हणजे दिव्यांचे उंच खांब, आहेत. प्रत्येकावर १२ फिटिंग, ४०० वॅट सोडियमचं. चोक (दिव्याला जाणारी वीज आवरणारं वेटोळं) धरून एक फिटिंग ४४० वॅट खातं, म्हणजे ४८ फिटिंगांचा भार झाला २१ किलोवॅट. मला दिलेल्या कागदावर एकच ओळ आहे : ४०० काढा, २०० वॅट एलईडी लावा. तसं केलं तर भार ९.६ किलोवॅटवर येतो. रात्रीचे ५ तास धरले तरी वर्षाला २१ हजार युनिट वाचतात.

कागदावर छान दिसतंय, पण मन घेत नाही. यार्डात उजेड कमी पडला तर आणखी एक दिवा टांगता येतो. इथं खाली विमान उभं असणार आणि त्याच्या पोटाखाली माणसं. ज्यांनी एप्रनवर काम केलंय किंवा असे दिवे बसवलेत त्यांनी अनुभव सांगावा. ४०० ला २०० हे गणित धरून चालू का?

नांदेडी | ११ मे, रात्री ९.३२

लक्स म्हटलं की आमच्या घरी अजून साबणच आणतात. वाचत बसतो.

फेज_न्यूट्रल | ११ मे, रात्री १०.४५

वाळूजकर, मी मूळचा बीडचा, पुण्यात लायटिंग डिझाईन करतो. मन घेत नाही ते बरोबरच आहे.

४०० वॅटचा सोडियम दिवा नवीन असताना साधारण ४८ हजार ल्युमेन देतो (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड). २०० वॅटचं एलईडी, वॅटला १३० ल्युमेन धरले तर, २६ हजार. म्हणजे थेट तुलनेत निम्म्याच्या जवळ. मग लोक '४०० ला २०० पुरतं' असं का म्हणतात? सोडियमचा बल्ब चहूबाजूंनी उजेड फेकतो, तो रिफ्लेक्टरने वळवावा लागतो आणि त्यात तिसरा हिस्सा फिटिंगमध्येच जिरतो. बल्ब जुना झाला की आणखी घट. एलईडीचा उजेड मुळातच एका दिशेला असतो, लेन्सने तो हवा तिथं नेता येतो. त्यामुळं दमलेल्या सोडियमच्या जागी नवं कोरं २०० वॅट लावलं की पहिल्या रात्री सगळे खूश होतात.

पण एलईडीसुद्धा दमतं. डब्यावर ५० हजार तास किंवा १ लाख तास लिहितात, तो बहुतेक एल-७० चा आकडा असतो. म्हणजे तेवढ्या तासांनी उजेड ७० टक्क्यांवर येणार. त्यावर आपल्याकडची धूळ. हिशोब पहिल्या रात्रीचा नको, काचेवर थर बसलेल्या पाचव्या-सातव्या वर्षाचा करा.

आणि इथं तुम्ही लक्सने, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर किती उजेड पडतो त्या मापाने, बांधलेले आहात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १४ मध्ये विमान उभं राहण्याच्या जागेसाठी सरासरी २० लक्स आडव्या पृष्ठावर आणि २० लक्स उभ्या पृष्ठावर, जमिनीपासून २ मीटर उंचीवर, असं सांगितलंय. सरासरी आणि सर्वांत कमी यांचं प्रमाण ४ ला १ च्या आत. एप्रनच्या बाकीच्या भागात याच्या निम्मं चालतं. वॅटचा तिथं उल्लेखच नाही.

तात्या_परभणी | १२ मे, सकाळी ६.१५

म्या ३४ वर्षं वायरमन होतो. पोरा, दिवा कंचाबी लाव, आधी अर्थिंग बघ. आपल्याकडं वळवाचं आभाळ भरलं की वीज कुठं पडंल सांगता येत नाही. सोडियमचा चोक म्हंजे तांब्याचं वेटोळं, लोखंडाची पट्टी. लई मार खायचा, गरम व्हायचा, पण जगायचा. ह्या एलईडीतला ड्रायव्हर, म्हंजे दिव्याला लागंल तशी वीज करून देणारा डबा, नाजूक. आमच्या गावात रस्त्यावर १६ दिवे लावले, पांढरेशुभ्र. पहिल्या वळवात ७ गेले. बल्ब कायबी झाले नव्हते, ड्रायव्हरच जळाले होते.

अन् काळी माती. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगचा खड्डा कोरडा ठण्ण होतो. लोक पावसाळ्यात मीटर लावतात अन् रीडिंग बरं आलं म्हणून सही करतात. मीटर आत्ता लाव, मे महिन्यात.

वाळूजकर | १२ मे, सकाळी ८.०५

तात्या, हे कागदावर कुठंच नव्हतं. आजच चारही मास्टचे खड्डे मोजायला माणूस पाठवतो.

रॅम्पवरची | १२ मे, दुपारी २.२०

मी ९ वर्षं रॅम्पवर, म्हणजे एप्रनवरच, काम केलंय, आता सोडलं. एक दोन गोष्टी मनापासून सांगते, कारण असे दिवे ठरवणारी माणसं फार वेळा रात्री खाली येऊन उभीच राहत नाहीत.

पहिली गोष्ट सावली. सगळे मास्ट टर्मिनलच्या बाजूला असतात. विमान उभं राहिलं की त्याची अलीकडची बाजू लख्ख आणि पलीकडची अंधारात. सामानाच्या कप्प्याचं दार पलीकडे असलं तर बॅगेचा टॅग वाचायला टॉर्च तोंडात धरायची आणि दोन्ही हातांनी बॅग ओढायची. पंखाखाली, चाकापाशी तर काळोखच. तुम्ही एकरांगी ४ मास्ट लिहिलेत तेव्हाच मला ते दिसलं. उजेड दोन बाजूंनी आला पाहिजे.

दुसरी डोळ्यांवरची तिरीप. एका ठिकाणी (नाव नको) जुनी फिटिंग काढून त्याच ब्रॅकेटवर, त्याच कोनात एलईडी बसवले. सोडियम पसरट असायचा म्हणून तो कोन चालून जायचा. एलईडीचे ठिपके थेट डोळ्यांत. आमचा मार्शलर, म्हणजे हातात कांड्या घेऊन विमान आत बोलावणारा, सांगायचा की पायलटला मी दिसतो की नाही तेच कळत नाही. पायलटची तक्रार वेगळी आली : मार्शलरच्या मागे नुसता पांढरा गोळा दिसतोय. त्या महिन्यात आम्ही प्रत्येक विमानाला दोन माणसं जादा उभी केली. शेवटी दिवे खाली वाकवले, तर मधली जागा अंधारी झाली. अख्खं काम परत करावं लागलं.

तिसरी, आणि ही एलईडीच्या बाजूची. विमानाच्या हायड्रॉलिकमध्ये स्कायड्रॉल नावाचं द्रव असतं, रंगाने जांभळट. सोडियमच्या पिवळ्या उजेडात खाली डाग दिसला तर तो स्कायड्रॉल, तेल की पाणी, काही कळायचं नाही. सगळं काळपट तपकिरी. वाकून, बोटाने, वासाने ओळखायचं, आणि स्कायड्रॉल त्वचेला झोंबतं. पांढऱ्या उजेडात जांभळं जांभळं दिसतं. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी बदलाच्या बाजूने आहे.

फेज_न्यूट्रल | १२ मे, दुपारी ३.१०

ताई, अगदी नेमकं. रंग ओळखण्याचा निर्देशांक सोडियमचा २० ते २५, चांगल्या एलईडीचा ७० च्या वर. परिशिष्टातही हेच आहे की उजेड असा हवा की खुणांचे आणि विमानावरच्या निशाणांचे रंग बरोबर ओळखू यावेत. आणि प्रत्येक स्टँडला, म्हणजे विमान उभं राहण्याच्या जागेला, दोन किंवा जास्त दिशांनी उजेड मिळावा, हेही त्यात लिहिलंय.

वाळूजकर, जुन्या ब्रॅकेटचे कोन तसेच ठेवू नका. असिमेट्रिक लेन्सचं फिटिंग घ्या. त्याची काच जमिनीला समांतर राहते आणि उजेड लेन्समधूनच तिरका पुढे जातो. आडव्या रेषेच्या वर उजेड जवळजवळ जात नाही. मास्टची उंची सर्वांत उंच बसणाऱ्या पायलटच्या डोळ्यांच्या निदान दुप्पट हवी.

खिडकीशेजारी | १२ मे, सायंकाळी ७.००

मी साधा प्रवासी. हे दिवे झाले की आमच्याकडे नाईट लँडिंग सुरू होईल का? पारावर रोज चर्चा असते.

रॅम्पवरची | १२ मे, सायंकाळी ७.२५

नाही हो दादा, ते वेगळं. रात्री उतरायला धावपट्टीच्या कडेचे दिवे, टोकाचे दिवे, टॅक्सीवेचे (धावपट्टी ते एप्रन या वाटेचे) निळे दिवे आणि पापी लागतात. पापी म्हणजे पट्टीशेजारचे ४ दिवे. पायलटला २ लाल २ पांढरे दिसले तर उतरण बरोबर, चारही लाल दिसले तर फार खाली आलाय. एप्रनचे दिवे विमान उतरून आत आल्यावरचे.

नांदेडी | १२ मे, सायंकाळी ७.३१

चारही लाल दिसले तर पापी, दोन पांढरे दिसले तर पुण्यवान. आता जन्मात विसरणार नाही.

काळी_माती | १३ मे, सकाळी ५.५०

आमचं शेत विमानतळाच्या भिंतीला लागून हाय. तुमच्या चर्चेत हे कुणी म्हणायलं नाही म्हणून लिहितो. सोयाबीनला रात्रीचा अंधार लागतो. भिंतीजवळच्या ८-१० ओळींवर पिवळा उजेड रात्रभर पडतो. बाकीचं रान फुलावर येतं, शेंगा धरतं, पिवळं पडतं, अन् ह्या ओळी हिरव्यागार उभ्याच. कापणीला सगळं रान तयार अन् कडेच्या ओळीत शेंगा पोचट. कृषी सहाय्यकाला दाखवलं, त्यांनी सांगितलं की सोयाबीन लहान दिवसाचं पीक हाय, रात्र मोठी झाली हे कळल्याशिवाय फूल धरत नाही. रस्त्याच्या दिव्याखालीबी असंच होतंय.

तुमचा दिवा भिंतीच्या आत ठेवता आला तर आमचं भलं होईल.

वाळूजकर | १३ मे, सकाळी ९.४०

काळी_माती दादा, दोनदा वाचलं. भिंतीबाहेर किती उजेड जातो हेही मोजतो. मी पटांगणाच्या आतलंच बघत होतो.

आकाशनिरीक्षक | १३ मे, रात्री ११.३०

दादांच्या मुद्द्याला जोडून. ५७०० केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जास्त तितका निळसर) निळसर पांढरे दिवे कृपया घेऊ नका. निळा उजेड हवेत जास्त विखुरतो, आकाश दुधाळ होतं. शहराबाहेर दुर्बीण लावून बसणाऱ्या आम्हा लोकांना ते लगेच जाणवतं. ३००० किंवा फार तर ४००० केल्विन घ्या.

फेज_न्यूट्रल | १४ मे, सकाळी १०.००

३००० ला मी तयार नाही. त्याच चिपमधून ल्युमेन कमी मिळतात, मग दिव्यांची संख्या वाढते. ४००० वर आपलं जमेल. पण आकाशाचं नुकसान रंगापेक्षा आधी वर जाणाऱ्या उजेडाने होतं. काच सपाट ठेवली तर निम्मी लढाई जिंकली.

आकाशनिरीक्षक | १४ मे, सकाळी १०.४५

काच सपाट हे मान्य. ४००० वर हात मिळवला.

तात्या_परभणी | १४ मे, सायंकाळी ६.४०

उन्हाचं बोला की कुणी. आमच्याकडं पारा ४२-४४ ला जातो. मास्टच्या टोकाला ते ॲल्युमिनियमचं डबडं दिवसभर तापतंय. ड्रायव्हर किती दिस टिकंल?

फेज_न्यूट्रल | १४ मे, सायंकाळी ७.१५

तात्या, दिवे रात्री लागतात. ऊन असताना ते बंदच असतात, त्यामुळं ही भीती मला जरा वाजवीपेक्षा जास्त वाटते.

तात्या_परभणी | १४ मे, रात्री ८.००

मे महिन्यात सांजच्या ७ ला मास्टला हात लावून बघितलाय का? पोळतो. दिवा तेव्हाच लागतो.

फेज_न्यूट्रल | १४ मे, रात्री ८.२०

तात्या, हे मी मान्य करतो. ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचं आयुष्य १० अंश तापमान वाढलं की साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. वाळूजकर, ड्रायव्हर वर न ठेवता मास्टच्या बुडातल्या कप्प्यात घेता येतो का ते विचारा. सावलीत राहील आणि बदलायला विंच फिरवून दिव्यांचं कडं खाली आणावं लागणार नाही. तोटा एवढाच की वर जाणाऱ्या डीसी केबलची जाडी नीट काढावी लागेल.

घाटनांदूर | १५ मे, दुपारी १.१०

जरा वेगळं. लहानपणी अजिंठ्याला गेलो होतो तेव्हा गाईड लेणीच्या दारात चकचकीत पत्रा धरून उन्हाचा कवडसा आत टाकायचा. सरळ टाकला तर भिंत नुसती चकाकायची. तिरका टाकला की रंग उठून यायचे, चेहरे दिसायचे. उभ्या पृष्ठावर २० लक्स हे वाचलं आणि तेच आठवलं.

रॅम्पवरची | १५ मे, दुपारी १.५०

घाटनांदूर, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. एप्रनवर आम्ही जमिनीकडे कमीच बघतो. दार, टॅग, इंधनाचं झाकण, समोरच्याचा हात, सगळं उभं असतं.

आणखी एक आठवलं. वळवाच्या संध्याकाळी क्षणभर लाईट गेली, जनरेटरने लगेच घेतलं. पण सोडियम एकदा विझला की गार झाल्याशिवाय पेटत नाही आणि पेटल्यावर हळूहळू चढतो. विमान टॅक्सीवेवर थांबलेलं, आत प्रवासी, वर कडकडाट आणि आम्ही सगळे ४८ नाही पण ३० दिव्यांकडे बघत उभे. ७-८ मिनिटं गेली. एलईडी लाईट आल्याबरोबर पूर्ण लागतो. त्या संध्याकाळी तो असता तर प्रवाशांना लवकर उतरवता आलं असतं.

फेज_न्यूट्रल | १५ मे, दुपारी २.३०

खरी बचतही तिथंच आहे. सोडियम पटकन पेटत नाही म्हणून दोन विमानांच्या मध्ये विझवता येत नाही. एलईडी राखणीपुरता मंद ठेवा आणि विमान यायच्या आधी पूर्ण करा. मधल्या तासांची वीज वाचते आणि काळी_माती दादांच्या सोयाबीनलाही रात्र मिळते.

आणखी दोन अटी घाला. एक, उजेडाचा थरथराट कमी असलेला ड्रायव्हर. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं सोडियम सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. फिरता प्रोपेलर त्यात हळू फिरतोय किंवा थांबलाय असा भास होऊ शकतो. म्हणून जुन्या पद्धतीत शेजारशेजारचे दिवे तीन वेगवेगळ्या फेजवर टाकत. स्वस्त एलईडी ड्रायव्हरही असा थरथरतो. तुमच्याकडे एटीआर, म्हणजे प्रोपेलरचं छोटं विमान, येत असेल तर हा मुद्दा सोडू नका.

दोन, रेडिओचा गोंगाट. विमान आणि टॉवर ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर बोलतात. खराब ड्रायव्हर त्याच पट्ट्यात खरखर सोडतो. २०१८ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने जहाजांवरच्या एलईडी दिव्यांबद्दल असा इशारा दिला होता. तपासणीचा अहवाल मागा.

नांदेडी | १५ मे, दुपारी २.४४

एक शंका. आमचा वायरमन 'चोक' म्हणतो तो दिव्याचा, आणि विमानाच्या चाकाखाली घालतात तो 'चॉक'. एप्रनवर कुणी 'चोक काढा' ओरडलं तर नेमकं काय काढायचं?

रॅम्पवरची | १५ मे, दुपारी ३.००

नांदेडी, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. पायलटने अंगठा बाहेर करून खूण केल्याशिवाय काहीच काढायचं नाही!

काळी_माती | १६ मे, सकाळी ६.००

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे लाखांनी येतात. त्यांच्यामागं वटवाघळं, घुबडं, टिटव्या. विमानाला पाखरू धडकायची भीती असते म्हणतात ना? मग दिवा असा असावा की किडा कमी येईल.

फेज_न्यूट्रल | १६ मे, सकाळी ९.३०

दादा, किड्यांना अतिनील आणि निळा उजेड जास्त ओढतो. पांढऱ्या एलईडीत अतिनील जवळपास नसतो, निळा असतो. ५७०० सोडून ४००० घ्यायला हे दुसरं कारण. सोडियमपेक्षा किडे कमी येतील असं वचन मात्र मी देणार नाही.

वाळूजकर | १९ जून, रात्री ११.५०

मंडळी, महिनाभर लिहिलं नाही, पण धाग्यातली एकेक गोष्ट करून बघत होतो.

शेवटचं विमान गेल्यावर परवानगी घेऊन तीन रात्री मोजणी केली. स्टँडवर खडूने ५-५ मीटरच्या चौकटी आखल्या आणि प्रत्येक कोपऱ्यावर लक्समीटर ठेवला. मास्टसमोर ३८ लक्स, विमानाची शेपटी येते तिथं ३. सरासरी १४. म्हणजे आजचा सोडियमसुद्धा नियमात बसत नाही, आणि आपण त्याची बरोबरी करायला निघालो होतो. मग २ मीटरच्या काठीवर मीटर उभा धरून टर्मिनलकडे पाठ केली. सामानाच्या दाराच्या जागी ४ लक्स. ताई, तुम्ही मोजल्याशिवाय सांगितलं होतं.

संगणकावर चार मांडण्या करून बघितल्या. ४०० ला २०० चालत नाही. कोन आणि लेन्स बदलूनही पलीकडची बाजू उजळत नाही. शेवटी ठरलं ते असं : ४ मास्टवर १२ ऐवजी १० फिटिंग, पण २६० वॅटची, ४००० केल्विन, सपाट काच. शिवाय एप्रनच्या दोन्ही कडांना एकेक नवा खांब, प्रत्येकावर ४ फिटिंग, म्हणजे दुसऱ्या दिशेने उजेड येईल. नवे खांब धावपट्टीच्या बाजूच्या १ ला ७ या चढत्या मर्यादेत (७ मीटर लांब गेलं की उंची १ मीटर वाढवता येते) बसतात का ते आधी तपासून घेतलं, टोकाला लाल दिवा धरलाय. ड्रायव्हर बुडाच्या कप्प्यात. फिटिंगला १० केव्हीचं सर्ज संरक्षण (विजेच्या अचानक झटक्यापासून) आणि पॅनेलला वेगळं.

एकूण भार १२.५ किलोवॅट. आधीच्या २१ मधून वाचतात ८.६, म्हणजे ४१ टक्के. मंद करण्याची बचत सोडून वर्षाला १५ हजार ७०० युनिट. कागदावरच्या २१ हजारांपेक्षा कमी. तिथल्या साहेबांनी विचारलं, बचत कमी का झाली? मी त्यांना रात्री साडेअकराला सामानाच्या दाराच्या जागी उभं केलं आणि हातात बॅगेचा टॅग दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, मग मोबाईलचा टॉर्च लावला. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन खांबांचा खर्च मंजूर झाला.

काळी_माती दादा, भिंतीबाहेर तुमच्या पहिल्या ओळीत आज ६ लक्स पडतोय. नव्या मांडणीत संगणक १ च्या आत दाखवतो. बसवल्यावर तुमच्या बांधावर येऊन मोजणार आहे.

रॅम्पवरची | २० जून, सकाळी ७.१०

वाळूजकर दादा, टॅगचं वाचून गळा भरून आला. एक विनंती. बसवल्यावर कोन पक्के करायच्या रात्री खाली मार्शलरला उभं करा आणि त्याला विचारा. शक्य असेल तर एका पायलटलाही कॉकपिटमधून बघायला सांगा.

तात्या_परभणी | २० जून, सकाळी ७.४०

अर्थिंगचं रीडिंग काय आलं ते सांगितलंच नाहीस.

वाळूजकर | २० जून, सकाळी ८.१५

ताई, मार्शलरशी बोलणं झालंय, तो येणार आहे. तात्या, १३ मे ला चारपैकी दोन खड्डे १० ओहमच्या वर होते, एक तर २६. नवीन खड्डे घेतले, खोल गेलो. काल पावसानंतर मोजलं तर सगळे ४ च्या आत.

तात्या_परभणी | २० जून, सकाळी ८.२०

कालचं रीडिंग लिहू नको. पुढच्या मे मध्ये घे, ते लिही.

वाळूजकर | २० जून, सकाळी ८.२४

कॅलेंडरवर खूण केली, तात्या. १३ मे.